देवघरातला लाल दिवा

आमच्या घरात इंटरनेट देवघरातून यायचं. हे सांगलीत कुणाला सांगितलं की लोक हसतात, आणि मीही त्यांच्याबरोबर थोडी हसून घेते. पण त्यात गंमत काही नव्हती, सोय होती. पाटणच्या पुढे कोयनेकाठचा रस्ता धरला आणि डावीकडे वळून चढ चढला की आमचं गाव. पावसाळ्यात वीज गेली याचं तिथे कुणाला काही वाटत नसे, आली तर मात्र पोरं ओरडत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इन्व्हर्टर घेतला तेव्हा आत्यानं एकच अट घातली होती: देव अंधारात बसायचे नाहीत. त्यामुळे इन्व्हर्टरवरचं एक बटण स्वयंपाकघरात आणि एक देवघरात. टेलिफोनची तारही जुन्या काळापासून देवघराच्याच खिडकीतून आत आलेली, आणि काळा टेलिफोन तिथल्या कोनाड्यात, देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला. मग राउटर आला तेव्हा तो दुसरीकडे कुठे बसणार? खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टेलिफोन आणि त्याच्या शेजारी दोन शिंगांचा पांढरा डबा, असे सगळे एका ओळीत बसले.

घरात आम्ही तिघं. आई मी तीन वर्षांची असताना गेली, तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. ती गेल्यावर बाराव्या दिवशी हौसाआत्या, अण्णांची थोरली बहीण, एक पत्र्याची पेटी घेऊन आली आणि परत गेलीच नाही. तिला मागे ओढणारं तसंही कुणी नव्हतं, नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला होता. तिनं मला न्हाऊ घातलं, माझ्या उवा काढल्या, मला अक्षरं शिकवली. अण्णा नदीपलीकडच्या वाडीवर प्राथमिक शिक्षक होते. मुलांसमोर दिवसभर बोलत असतील ते असतील, घरी आले की पेपर उघडत आणि त्याच्यामागे दिसेनासे होत. ते देवाला नमस्कारही करत नसत. आत्या पूजा करायची, ते बाहेर बसून चहा प्यायचे, आणि दोघांचं त्याबद्दल भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. आत्या सातवी पास होती. कागद पुढे आला की आधी डोक्यावर 'श्री' लिहायची, मग खाली जे काय असेल ते. किराण्याच्या यादीवर श्री. दुधाच्या वहीत श्री. एकदा माझ्या सहलीच्या संमतिपत्रावर बाईंनी 'पालकांची सही' असं लिहून जागा सोडली होती, तिथेही सहीच्या आधी श्री. अण्णा कागदावर पहिल्यांदा तारीख टाकत. कोणता कागद कुणी लिहिलाय हे आमच्या घरात अक्षर न वाचताही कळायचं.

राउटर आला तो अण्णांच्या शाळेमुळे. मुलांची माहिती ऑनलाइन भरायचा हुकूम निघाला, शाळेनं लॅपटॉप दिला, पण तो चालवायला वाडीत तर सोडाच, आमच्याही गावात मोबाइलची रेंज नव्हती. फोनवर दोन काड्या बघायच्या तर वर खिंडीत जावं लागे. टेलिफोन ऑफिसचा माणूस आला, तार जोडली, एक चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि "शेवटची गाडी चुकंल" म्हणत निघूनही गेला. बाकीचं सगळं मी केलं. मी तेव्हा बारावीला होते. चिठ्ठीवरचा तीन ठिपक्यांचा आकडा लॅपटॉपवर टाकला, राउटरचं पान उघडलं, कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर भरला, आणि डब्यावरचा तिसरा दिवा लालचा हिरवा झाला. त्या हिरव्या दिव्याचा जो आनंद मला झाला तसा नंतर कुठल्याच गोष्टीचा झाला नाही, नोकरीच्या पत्राचाही नाही. दारात उभी असलेली आत्या म्हणाली, "झालं? एवढंच?" आणि तरी तिनं डब्यावरून हात ओवाळून बोटं कानशिलावर मोडली.

वायफायला नाव द्यायचं होतं. मी 'स्वातीचं घर' असं इंग्रजीत टाकलं. आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "लेकीचं नाव घराला देऊ नये गं. ती जायाची असती." मी हसले आणि तेच ठेवलं. पासवर्ड मात्र तिच्या मनासारखा, आमच्या म्हशीचं नाव आणि पुढे तिच्या चार रेडकांचे एक, दोन, तीन, चार असे आकडे. त्या वर्षीच्या खंडेनवमीला विळा, कोयता, अण्णांचं पेन, माझी शिवणाची कात्री यांच्याबरोबर राउटरलाही हळदकुंकू लागलं. त्याच्या एका शिंगाला झेंडूचं फूल खोचलं. आत्या त्याला 'डबा' म्हणायची, पण पूजेत त्याला गंध लावताना तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला होता.

आत्याला मी जुना फोन दिला होता, माझ्या मावसभावानं टाकून दिलेला. त्यावर ती संध्याकाळी सात वाजता कीर्तन लावायची आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत बघायची. लवकरच गावात बातमी पसरली. आमच्या परसातल्या दगडी गडग्यावर संध्याकाळी माणसं बसू लागली, आधी दोघं, मग सहा-सात. म्हशीचं नाव गावात कोणाला ठाऊक नव्हतं? अण्णांचं पान अर्धा अर्धा तास उघडेना. पासवर्ड बदलून उपयोग नव्हता, आत्या भिडेपायी चार दिवसांत नवाही सांगून टाकी. तेव्हा मी दुसरा उपाय शोधला. प्रत्येक फोनला स्वतःचा एक बारा अक्षरी नंबर असतो, आणि राउटरच्या पानावर एक यादी असते. त्या यादीत ज्याचा नंबर टाकला त्याला डबा दारातूनच परत पाठवतो, पासवर्ड माहीत असला तरी. दिवसभर घरी आत्याच असायची, म्हणून मी हे तिला तिच्या फोनवरून करायला शिकवलं. शंभर पानी वहीत पायऱ्या लिहून दिल्या, आकड्यांसकट, बाणांसकट. तिला इंग्रजी अक्षरं फोनवरून येऊ लागली होती, उरलेली मी गिरवून घेतली. ज्या बाईनं मला श्रीगणेशा शिकवला तिला मी काहीतरी शिकवत होते, याचा मला केवढा तोरा होता! शेवटच्या पायरीवर आत्या अडली. "हितं एक रिकामा चौकोन हाय. ह्यात काय लिवायचं?" मी म्हटलं, काहीही लिही, नोंद कसली ते तुला कळलं म्हणजे झालं. तिनं बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, shri. मी पोट धरून हसले. पुढे तिनं ज्यांना ज्यांना बाहेर घातलं त्या सगळ्यांपुढे तेच. मी टाकलेल्या नोंदींपुढे माणसांची नावं, आत्याच्या नोंदींपुढे श्री. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की ती भाकरी थापता थापता सांगायची, "आज दोघं घातलं भाईर. पाटलाचा पोरगा लय वेळ फोन आपटत बसला हुता." दोघी हसत असू. ते दिवस चांगले होते, हे मला कबूल केलंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. महिन्याचे ते चार दिवस आमच्या घरात पाळले जात. अण्णांना त्याचं काही नव्हतं, पण घर आत्याचं होतं. मधल्या खोलीत चटई, माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही, कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी केसांवरून न्हाऊन मग घरात. देवघराचा उंबरा तर त्या दिवसांत दिसतो त्यापेक्षा उंच होई. आणि राउटर आत. तो अधूनमधून अडायचा, मग कुणालाच जोडून घ्यायचा नाही, बटण बंद करून दहा आकडे मोजून पुन्हा चालू करावा लागे. त्या चार दिवसांत हे काम आत्याचं. मी मधल्या खोलीतून ओरडायची, "आत्या, दिवा कोणता आहे?" आतून उत्तर यायचं, "लाल!" मग बटण बंद केल्याचा आवाज, मग आत्याचे मोठ्यानं मोजलेले आकडे, मग, "झाला बग हिरवा." देव्हारा मध्ये असल्यानं मला चटईवरून काय, दारातूनही तो डबा दिसत नसे. मी आत्याच्या डोळ्यांनी बघत होते.

बारावीला मार्क चांगले पडले. मला सांगलीला जायचं होतं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला. सांगलीच का, तर तिथलं कॉलेज मी एकदा स्पर्धेच्या निमित्तानं पाहिलं होतं. तिथे एक खोली भरून नुसते राउटर आणि तारा होत्या आणि एक मुलगी, माझ्याच वयाची, पेचकस घेऊन त्यातला एक उघडत होती. मला ती मुलगी व्हायचं होतं. अण्णांनी 'एवढ्या लांब नको' म्हणून पेपर वर केला. जोरात म्हणाले असते तर मी भांडले असते, पण ते हळू म्हणाले. माझ्या बाजूनं बोलली ती आत्या. मला तिचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं. "का नगं? तिनं काय माज्यासारखं चुलीम्होरं बसावं? तू जा गं स्वाते. मी बगते ह्याच्याकडं." आठ दिवस ती अण्णांच्या मागे लागली होती. शेवटी अण्णा म्हणाले, "यादी लागू दे. मग बघू."

एका सोमवारी दुपारी यादी लागली. माझ्या फोनवर माझं नाव, पुढे सांगलीचं कॉलेज, पुढे कॉम्प्युटर. खाली एक बटण, जागा स्वीकारली म्हणून दाबायचं, आणि तांबड्या अक्षरांत सूचना: बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही दाबलं तर जागा पुढच्याला. आत्यानं माझ्या तोंडात साखर घातली. मी बटण लगेच दाबणार होते, पण अण्णांनी 'मग बघू' म्हटलं होतं. त्यांच्यासमोर, त्यांच्या होकारानं दाबावं असं मला वाटलं. आज माझ्यासमोर कुणी अशी वाट बघत बसली तर मी तिच्या हातातला फोन घेऊन बटण दाबून टाकीन. पण तेव्हा मी चांगली मुलगी होते.

अण्णा आले नाहीत. कोयनेचं पाणी दुपारीच फरशी पुलावरून वाहायला लागलं होतं, वाडीची वाट बंद. हे दर पावसाळ्यात दोन-तीनदा व्हायचं, ते शाळेतच मुक्काम करत, लॅपटॉपही त्यांच्याबरोबर. त्याच संध्याकाळी मला बाजूला बसावं लागलं. दिवेलागणीनंतर फोन बघितला तर वायफाय जोडत नव्हतं. नाव दिसत होतं, 'स्वातीचं घर', पण दाबलं की नुसता प्रयत्न करी आणि सोडून देई. डबा अडलाय, मी म्हटलं. आत्या आत गेली. बटणाचा आवाज झाला. तिनं एक ते दहा मोजले, सावकाश, मला ऐकू येतील असे. मग म्हणाली, "लालच हाय गं."

मंगळवारी सकाळी लाल. दुपारी लाल. मी तिला टेलिफोन ऑफिसला फोन लावायला सांगितलं, कारण टेलिफोनही आतच. बोलण्याचा आवाज आला, बाहेर येऊन म्हणाली, "म्हनं पाटणलाच बिघाड हाय. उद्यापातूर करत्यात." मी म्हटलं, तुझ्या फोनला बघ. तिनं फोन माझ्यापासून दोन हातांवर धरून दाखवला, मला शिवायचं नव्हतं. "बग, माज्याबी फोनला धरंना." वायफायची खूण खरंच नव्हती. ती खूण बोटाच्या एका टोकानं घालवता येते हे मीच तिला शिकवलं होतं, पण तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला टेलिफोन वाजला. आत्यानं उचलला, 'व्हय, व्हय, सांगते' म्हणाली आणि ठेवला. "कोण गं?" "भजनी मंडळाचा नाना. पावसानं आजचं भजन न्हाई म्हनला." त्या दोन दिवसांत ती माझ्याशी फार मायेनं वागत होती. पोट दुखतं म्हणून हुलग्याचं माडगं केलं, वर तुपाची धार. पापड भाजून वाटीत चुरून दिले. लांबूनच ताट सरकवायची आणि मी खाते की नाही बघत बसायची. मला ते माडगं फार आवडायचं. त्यानंतर मी हुलगा कधी घरात आणला नाही.

बुधवारी मी खिंडीत गेले. आत्या नको म्हणत होती, पण तिला शिवून अडवता येईना. डोक्यावर इरलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. खिंडीतल्या देवळाच्या वळचणीला उभं राहिलं की दोन काड्या येत. एक यायची, दुसरी येऊन जायची. कॉलेजच्या पानाचा निळा पट्टा वर उमटला आणि तिथेच थांबला. मी तो पट्टा दीड तास बघितला. बॅटरी संपायला आली तशी पळत खाली आले, साडेचार वाजून गेले होते. चिखलानं भरलेले पाय घेऊन मी देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "मी आत जाते. मला स्वतःला बघू दे." आत्या आत, देव्हाऱ्यासमोर उभी होती. तिनं हात आडवे केले. "देवाला बाट लावू नगं स्वाते. तुज्या आईनं कवा असं केलं न्हाई." मी म्हटलं, "मग तू नीट बघून सांग. दिवा कोणता आहे?" तिनं मान वळवली, डब्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लाल."

एक पाऊल होतं. इतक्या वर्षांत मी ते पाऊल किती वेळा टाकलं असेल, सांगलीतल्या घरात भांडी लावताना, बँकेच्या रांगेत, झोप लागता लागता. देवासमोर उभी राहून खोटं ती बोलत होती, आणि विटाळ माझा होता. माझा नवरा म्हणतो, सोड आता. मी सोडत नाही. पाच वाजले तेव्हा मी चटईवर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आत्या बाहेरून म्हणत होती, "हुईल गं काय तरी. पाटणला बी चांगलं कॉलेज हाय."

गुरुवारी मी न्हाले, ओल्या केसांनी देवघरात गेले. डब्यावरचे चारही दिवे हिरवे होते. आत्याच म्हणाली मागून, "आला वाटतं आत्ताच." मी तिच्यावर विश्वास ठेवला. हे लिहिताना सुद्धा मला स्वतःचा राग येतो, पण ठेवला. फोन मात्र तरीही जोडेना, तेव्हा माझ्या मनात आलं ते अण्णांचं. त्यांनीच जाताना काहीतरी केलं असणार. त्यांना नकोच होतं, म्हणून तर नदीपलीकडून साधा निरोप नाही. दुपारी पाणी ओसरलं आणि अण्णा आले, गुडघ्यापर्यंत चिखल, लॅपटॉप गोणपाटात गुंडाळलेला. मी त्यांना पायही धुवू दिले नाहीत. "तुम्ही बंद केलंत ना? तुम्हीच केलंत. तोंडावर नाही म्हणायचं होतं." अण्णा म्हणाले, "अगं, मी तर मंगळवारी वाडीच्या सरपंचांच्या घरून फोन केला. आक्काला सांगितलं, स्वातीला म्हणावं बटण दाबून टाक, माझी वाट बघू नकोस. तुला सांगितलं नाही का?"

मी त्यांच्या हातातला लॅपटॉप घेतला, ओसरीवरच उघडला. तो पहिल्या फटक्यात जोडला गेला. राउटरचं पान उघडलं, ती यादी उघडली. वर माझ्या नोंदी, नावांसकट. खाली आत्याच्या. सगळ्यात शेवटी एक नवी ओळ होती. बारा अक्षरांचा नंबर, तो मला पाठ होता, माझ्याच फोनचा. आणि पुढच्या चौकोनात shri.

अण्णा माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांना त्या यादीतलं काही कळत नव्हतं, पण ती चार अक्षरं कळली. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. आत्या दारात आली, हाताला पीठ. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि मला ती नाही म्हणायला हवी होती. ती म्हणाली, "व्हय. म्याच केलं."

"का?"

"तूच शिकवलंस की." मग तिला कळलं की हे काही उत्तर नाही. ती उंबऱ्यावर बसली. "तू गेल्याव ह्या घरात म्या कुनासंगट बोलू? ह्यो बोलतो व्हय? पंदरा वर्सं ह्यो पेपर वाचतोय. तू जा म्हनलं, तवा मनापासनं म्हनलं. देवाशपथ. पर ते नाव लागल्यालं बगितलं आनि म्हनलं एक दीस थांबवू. मग दुसरा. मग माज्या हातात ऱ्हायलं न्हाई."

"तीन दिवस तू माझ्यासमोर दहापर्यंत मोजलंस," मी म्हटलं.

ती हातावरचं पीठ चोळत बसली. अण्णांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला, काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांनी माझ्याबरोबर दुसऱ्या दिवशी पाटण, मग कराड, मग सांगली केलं, शिक्षकाच्या टोपीसकट तीन खिडक्यांसमोर उभे राहिले. खिडकीतल्या माणसानं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, माझ्या जागेवर दुसऱ्या मुलीचं नाव होतं. मी पाटणला बीएस्सीला गेले. रोज सकाळी जायची, संध्याकाळी परत. आत्याला जे हवं होतं ते तिला मिळालं, फक्त मी तिच्याशी बोलत नव्हते.

त्या गुरुवारी संध्याकाळीच मी राउटरच्या पानाचा पासवर्ड बदलला होता, माझा नंबर यादीतून काढला आणि आत्याच्या फोनचा घातला. पुढच्या चौकोनात काहीच लिहिलं नाही. तिनं विचारलं नाही. सात वाजता ती फोन घेऊन चुलीपुढे बसायची, तो नुसता हातात धरून. शेजारची काकू एकदा म्हणाली, "आवं हौसाक्का, आलीकडं कीर्तनाचा आवाज येत न्हाई?" आत्या म्हणाली, "लाल दिवा हाय." मी मधल्या खोलीत होते. मला कणव आली नाही, उलट बरं वाटलं. असं तीन वर्षं.

मग मला सांगलीत नोकरी लागली, एका दुकानात, लोकांच्या घरी जाऊन वायफाय बसवून द्यायची. मुली हे काम करत नसत, पण मालकानं माझी परीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी ये म्हणाला. निघाले त्या सकाळी अण्णा बॅग घेऊन पुढे गेले होते. आत्या फाट्यापर्यंत आली, हातात शिदोरी आणि दुसऱ्या हातात तो जुना फोन. गाडी दिसली तेव्हा तिनं फोन माझ्यापुढे केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "स्वाते, येवढं माजं नाव काढ की गं त्यातनं. तू तिकडं जाशील. तुजं तोंड बगावं वाटलं तर कशात बगू?"

मला दहा सेकंद लागले असते. पासवर्ड माझ्या तोंडात होता. पुढे बॅग घेऊन उभ्या असलेल्या अण्णांना तो आणि दोन वाक्यं सांगितली असती तरी झालं असतं. मी शिदोरी घेतली. म्हटलं, "लाल दिवा आहे, आत्या." आणि गाडीत चढले.

पुढच्या महिन्यात अण्णांनी मला फोन करून पासवर्ड विचारला. त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, फक्त सांगून टाकला. आत्याच्या वहीतल्या पायऱ्या बघून त्यांनी ते नाव काढलं हे मला त्याच दिवशी कळलं, कारण संध्याकाळी सात वाजता माझ्या फोनवर, मेसेजच्या पानावर, आत्याच्या नावाखाली 'ऑनलाइन' अशी अक्षरं उमटली. ती कीर्तन लावत असणार. मी जेवण सोडून त्या अक्षरांकडे बघत राहिले, आता फोन येईल म्हणून. ती वारली त्याला आता चार वर्षं झाली. तोवर रोज सातला ती अक्षरं उमटायची आणि मी रोज बघायची. तिनं कधी फोन केला नाही. मीही केला नाही.